खेळाडूची ऑनलाइन लोकप्रियता : नागपूरची मालविका, जपानची शिदा आणि चाहत्यांची नजर

बॅडमिंटनचा एखादा सामना अर्ध्या तासात संपतो, पण त्यातला दहा सेकंदांचा तुकडा मोबाइलवर महिनोन्‌महिने फिरत राहतो. काल ज्या मुलीचे नाव तिच्या शहराबाहेर कुणाला ठाऊक नव्हते, तिला आज लाखो लोक शोधू लागतात. विदर्भाने हे 2022 मध्ये नागपूरच्या मालविका बनसोडच्या बाबतीत पाहिले, तर जपानच्या चिहारू शिदाच्या बाबतीत अशा लोकप्रियतेची दुसरी, त्रासदायक बाजूही दिसली. ही लोकप्रियता कशी तयार होते, तिचा खेळाडूला काय फायदा होतो आणि त्याची कोणती किंमत मोजावी लागते? भंडारा जिल्ह्यात रॅकेट हाती घेतलेल्या मुलीच्या पालकांना यातून काय समजून घेता येईल? त्याचा हा आढावा.

मालविका बनसोड कोण आहे?

मालविका ही नागपूरची डावखुरी एकेरी खेळाडू. जन्म 15 सप्टेंबर 2001. आई-वडील दोघेही दंतवैद्य. ती लहान असताना विदर्भात बॅडमिंटन खेळणारे बरेच होते, मात्र आंतरराष्ट्रीय दर्जाच्या तयारीसाठी लागणारी व्यवस्था प्रामुख्याने हैदराबाद आणि बंगळुरूत होती. हैदराबादच्या पुलेला गोपीचंद अकादमीतून सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू, किदम्बी श्रीकांत असे खेळाडू घडले. मालविकाचा रस्ता वेगळा होता. सुरुवातीचे शिक्षण आणि सराव तिने नागपुरात केला. पुढे रायपूरला संजय मिश्रा यांच्या मार्गदर्शनाखाली ती तयार झाली. नागपूरहून रायपूरला जाणारा महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली असा जातो. म्हणजे तिची वाट शब्दशः भंडारा जिल्ह्यातून गेली आहे.

सराव आणि शाळा या दोन्ही गोष्टी तिने बरोबरीने सांभाळल्या. 2019 मध्ये मालदीव येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून वरिष्ठ गटातले पहिले यश तिने मिळवले. ही स्पर्धा खालच्या श्रेणीची असल्याने मोठ्या वृत्तपत्रांत त्याची बातमी लहानच आली.

13 जानेवारी 2022 रोजी काय घडले?

त्या दिवशी दिल्लीत इंडिया ओपन स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत मालविकासमोर सायना नेहवाल होती. सायना म्हणजे 2012 च्या लंडन ऑलिम्पिकची कांस्यपदक विजेती आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानापर्यंत पोहोचलेली खेळाडू. मालविका तेव्हा वीस वर्षांची होती आणि तिचे जागतिक स्थान शंभराच्याही पलीकडे होते. तिने हा सामना 21-17, 21-9 असा जिंकला. त्याला लागली फक्त 34 मिनिटे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. सायना त्या वेळी दुखापतींतून सावरत होती आणि तिची पूर्ण तयारी झालेली नव्हती. सायनाला आदर्श मानूनच आपण मोठे झालो, असे मालविकाने सामन्यानंतर सांगितले. तिने सायनाचा मान राखला, सायनानेही तिच्या खेळाचे कौतुक केले. पण मोबाइलवर फिरलेल्या मजकुरात हे बारकावे उरले नाहीत. तिथे एकच ओळ उरली : वीस वर्षांच्या मुलीने सायनाला हरवले.

पुढच्याच फेरीत मालविकाला आकर्षी कश्यपने हरवले. हा निकाल पाहणारे फार थोडे होते. दहा दिवसांनी, 23 जानेवारीला, लखनौच्या सय्यद मोदी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने अंतिम फेरी गाठली. तिथे पी. व्ही. सिंधूकडून ती 13-21, 16-21 अशी हरली. तरीही या दहा दिवसांत मालविका बनसोड हे नाव देशभर पोहोचले होते.

चर्चा आणि खेळ यांचा वेग वेगळा कसा असतो?

नावाची चर्चा एका दुपारीत वाढते. खेळ मात्र वर्षावर्षाने वाढतो. जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या क्रमवारीत खेळाडूच्या मागील 52 आठवड्यांतील सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात. स्पर्धांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : सुपर 100, 300, 500, 750 आणि 1000. सुपर 300 स्पर्धा जिंकली तर 7,000 गुण, सुपर 500 जिंकली तर 9,200 आणि सुपर 1000 जिंकली तर 12,000 गुण. सायनाला हरवल्याचे वेगळे गुण नाहीत. फॉलोअर कितीही वाढले तरी त्याचा एकही गुण मिळत नाही.

म्हणून 2022 नंतर मालविकाला पुन्हा लहान-मोठ्या स्पर्धा खेळत एकेक पायरी चढावी लागली. बातम्यांत ती क्वचितच दिसे. सप्टेंबर 2024 मध्ये चांगझोउ येथे झालेल्या चायना ओपनमध्ये तिने पॅरिस ऑलिम्पिकची कांस्यपदक विजेती, इंडोनेशियाची ग्रेगोरिया मारिस्का तुनजुंग हिला 26-24, 21-19 असे हरवले. त्यानंतर स्कॉटलंडच्या कर्स्टी गिलमोरला तीन गेममध्ये नमवून तिने सुपर 1000 दर्जाच्या स्पर्धेत पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे तिला रोखले जपानच्या अकाने यामागुचीने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील हायलो ओपनमध्ये ती अंतिम फेरीत पोहोचली आणि डेन्मार्कच्या मिया ब्लिकफेल्डकडून हरली. मार्च 2025 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेत सिंगापूरच्या येओ जिया मिनला हरवल्यानंतर दुसऱ्या फेरीत पुन्हा यामागुची आडवी आली. तोवर जागतिक क्रमवारीत मालविका पहिल्या तीस जणींत पोहोचली होती.

खेळाच्या दृष्टीने तुनजुंगवरचा विजय सायनावरच्या विजयापेक्षा मोठा मानावा लागेल. समोरची खेळाडू तेव्हा पूर्ण भरात होती आणि स्पर्धा सर्वोच्च दर्जाची होती. तरी सामान्य माणसाला मालविका आठवते ती 2022 मधल्या त्या एका सामन्यामुळे. ऑनलाइन लोकप्रियतेचा हा पहिला नियम म्हणता येईल : ओळखीचे नाव पडले की ते पाडणारीचे नाव गाजते. भारतातल्या बहुतेक लोकांना सायना माहीत होती, तुनजुंग माहीत नव्हती.

ही लोकप्रियता तयार कशी होते?

झाडीपट्टीतल्या वाचकाला लोकप्रियता म्हणजे काय हे वेगळे शिकवायला नको. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावागावांत रात्रभर नाटके रंगतात. कोणत्या नटाचे नाव फलकावर असले की मंडप भरतो, हे गावाला बरोबर माहीत असते. पण तिथे नट आणि प्रेक्षक एकमेकांना पाहतात. टाळी पडली की नाही, हे नटाला तिथल्या तिथे कळते. पडदा पडला की प्रेक्षक पहाटे घरी जातो.

ऑनलाइन मंडपात यातले काहीच होत नाही. तिथे काय घडते ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा तुकड्याचा. पूर्ण सामना फार कमी लोक पाहतात. एखादी लांबलेली रॅली, जमिनीवर सूर मारून उचललेले शटल, विजयानंतरचे हसू किंवा रडू एवढाच भाग कापून पुढे पाठवला जातो.

दुसरा टप्पा यंत्राच्या निवडीचा. इन्स्टाग्राम, यूट्यूब यांसारखी माध्यमे आपल्यासमोर काय ठेवायचे हे आपल्या सवयींवरून ठरवतात. लोक जे शेवटपर्यंत पाहतात, परत पाहतात, दुसऱ्याला पाठवतात, ते आणखी लोकांपुढे जाते. तो फटका चांगला होता की वाईट, हे यंत्राला कळत नाही. लोक थांबले की नाही, एवढेच त्याला कळते.

तिसरा टप्पा शोधाचा. तुकडा आवडला की माणूस नाव शोधतो. मग वय, गाव, उंची, लग्न झाले का, कुणाबरोबर दिसते असे शोध सुरू होतात. जे शोधले जाते त्यावर मजकूर लिहिणारी संकेतस्थळे असतातच. खेळाशी संबंध नसलेली माहिती इथूनच वाढत जाते.

चौथा टप्पा चाहत्यांच्या पानांचा. खेळाडूच्या नावाने अनोळखी माणसे खाती उघडतात, छायाचित्रे लावतात. काही खाती प्रेमापोटी चालवलेली असतात, काही जाहिरातीच्या पैशासाठी, तर काही सरळ फसवणुकीसाठी. खेळाडूला यातल्या बहुतेकांचा पत्ताही नसतो.

जपानी बॅडमिंटनपटूंना एवढे चाहते का?

जपान बॅडमिंटनमध्ये नेहमीच आजच्याएवढा बलाढ्य नव्हता. 2004 मध्ये दक्षिण कोरियाचे महान दुहेरी खेळाडू पार्क जू-बोंग जपानच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि चित्र पालटू लागले. लंडन ऑलिम्पिकमध्ये मिझुकी फुजी आणि रेइका काकिइवा या जोडीने रौप्यपदक मिळवले. रिओ ऑलिम्पिकमध्ये मिसाकी मात्सुतोमो आणि अयाका ताकाहाशी यांनी सुवर्ण जिंकले. जपानमध्ये खेळाडू बहुधा एखाद्या कंपनीच्या संघात नोकरीला असतो. पगार, सराव आणि प्रशिक्षक यांची सोय कंपनी करते. त्यामुळे एकाच वेळी अनेक जोड्या जगात वरच्या क्रमांकावर राहू शकतात.

जपानी चाहत्यांची एक गमतीची पद्धत म्हणजे दुहेरीच्या जोडीला दोघींच्या आडनावांची अक्षरे जोडून एकच नाव देणे. ताकाहाशी आणि मात्सुतोमो झाल्या ‘ताकामात्सु’. त्याआधी कुमिको ओगुरा आणि रेइको शिओता ही जोडी ‘ओगुशिओ’ म्हणून घरोघरी पोहोचली होती. या दोघींनी 2007 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्या काळात समाजमाध्यमे आजच्यासारखी नव्हती, तरी दूरचित्रवाणी आणि मासिके त्यांच्या खेळाइतकीच त्यांच्या दिसण्याची चर्चा करत. म्हणजे प्रश्न जुनाच आहे. मोबाइलने त्याचा वेग तेवढा वाढवला.

चिहारू शिदा आणि नामी मात्सुयामा ही ‘शिदामात्सु’ जोडी या परंपरेतली. 2022 मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड जिंकली आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. शिदा आक्रमक खेळते आणि तिचे स्मॅश जोरदार असतात. पण तिचे नाव जपानबाहेर, विशेषतः चीनमध्ये, पसरले ते मुख्यतः छायाचित्रांतून आणि छोट्या चित्रफितींतून. चीनमध्ये बॅडमिंटन हा घराघरातला खेळ असल्याने परक्या देशाच्या खेळाडूलाही तिथे डोक्यावर घेतात. 2025 मध्ये मात्र चीनमधल्या स्पर्धांच्या काळात काही माणसे आपला पाठलाग करतात, हे शिदाला समाजमाध्यमावर जाहीरपणे सांगावे लागले आणि असे करू नका, अशी विनंतीही करावी लागली. ज्या माध्यमाने चाहते दिले, त्याच माध्यमावर तिला ही विनंती करण्याची वेळ आली.

सगळ्याच जपानी खेळाडूंची लोकप्रियता अशी नाही. नोझोमी ओकुहारा भारतात घरोघरी माहीत झाली ती एका सामन्यामुळे. 27 ऑगस्ट 2017 रोजी ग्लासगोत जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात तिने सिंधूला 21-19, 20-22, 22-20 असे हरवले. सामना 110 मिनिटे चालला. त्यातली 73 फटक्यांची रॅली आजही पुन्हा पुन्हा पाहिली जाते. आपली खेळाडू हरली, तरी भारतीय प्रेक्षकाने ओकुहाराला मनापासून दाद दिली. दोन वर्षांनी बासेलमध्ये सिंधूने तिलाच 21-7, 21-7 असे हरवून जागतिक विजेतेपद मिळवले. अकाने यामागुचीची उंची जेमतेम पाच फूट एक-दोन इंच. तिने 2021, 2022 आणि 2025 असे तीनदा जागतिक विजेतेपद पटकावले. तिच्याविषयीचे तुकडे बहुतेक तिच्या पायांच्या हालचालींचे आणि अशक्य वाटणाऱ्या बचावाचे असतात.

ओकुहारा, यामागुची आणि शिदा तिघीही अव्वल दर्जाच्या. तरी चाहत्यांची नजर तिघींवर सारखी पडली नाही. नजर कुठे पडेल हे खेळाडूच्या हातात नसते.

लोक खेळ पाहतात की चेहरा?

हा प्रश्न नागपूरच्याच आणखी एका मुलीने जगासमोर मांडला. बुद्धिबळपटू दिव्या देशमुख जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधील टाटा स्टील स्पर्धेत खेळत होती. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. स्पर्धेनंतर तिने इन्स्टाग्रामवर लिहिले, त्याचा आशय असा : काही डावांचा तिला अभिमान होता, पण प्रेक्षकांचे लक्ष तिच्या खेळापेक्षा कपडे, केस आणि उच्चारांकडे होते. पुरुष खेळाडूंच्या मुलाखतीत त्यांच्या खेळाची चर्चा होते, स्त्री खेळाडूंच्या बाबतीत खेळ सोडून बाकी सगळ्याची.

तिच्या या मजकुराची जगभर दखल घेतली गेली. पाठिंबा देणारे होते, तसे नावे ठेवणारेही होते. पुढचे उत्तर तिने पटावर दिले. 2024 मध्ये ती ज्युनियर मुलींची जगज्जेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघाबरोबर सुवर्ण आणि वैयक्तिक सुवर्णही तिने मिळवले. 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबरच ग्रँडमास्टर किताबही मिळवला.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. ‘जिंकून दाखवा म्हणजे तोंडे बंद होतील’ असा याचा अर्थ काढणे चूक आहे. जी मुलगी विश्वचषक जिंकणार नाही, जी जिल्हा स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत हरेल, तिलाही तिच्या खेळावरूनच जोखले जाण्याचा तेवढाच हक्क आहे.

दिसण्यापलीकडची आणखी एक नजर आपल्या देशात आहे. 2016 मध्ये सिंधू रिओ ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवत असताना गूगलवर तिची जात शोधणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. ही बातमी देशभर गाजली. हे शोध घेण्यात आंध्र प्रदेश आणि तेलंगण ही तिचीच राज्ये पुढे होती. महाराष्ट्राने त्यावर हसण्याचे कारण नाही. आडनाव ऐकून माणसाची जात ताडण्याची सवय आपल्याकडेही आहे, हे वाचकाला ठाऊकच आहे.

लोकप्रियतेतून पैसा मिळतो का?

मिळतो, पण सगळ्यांना नाही. बॅडमिंटनचा खर्च मोठा आहे. पिसांचे शटल एका सामन्यात अनेक लागतात. रॅकेटची जाळी वारंवार बदलावी लागते. परदेशी स्पर्धांचा प्रवास, निवास, प्रशिक्षक आणि फिजिओ यांचा खर्च वेगळाच. खालच्या श्रेणीच्या स्पर्धेतले बक्षीस प्रवासखर्चालाही पुरत नाही. अशा वेळी नाव ओळखीचे असेल तर प्रायोजक लवकर मिळतो, हे खरे आहे. म्हणून खेळाडूने समाजमाध्यमांवर असूच नये, हा सल्ला व्यवहाराला धरून नाही.

पण ओळख असूनही न्याय मिळतोच असे नाही. मुंबईचा चिराग शेट्टी 2022 मध्ये थॉमस चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. 2023 मध्ये त्याने आणि सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवले आणि ही जोडी जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. जुलै 2024 मध्ये टी-20 विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघाचा आणि त्यातल्या मुंबईकर खेळाडूंचा राज्यात मोठा सत्कार झाला, 11 कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. तेव्हा चिरागने नाराजी बोलून दाखवली. थॉमस चषक म्हणजे बॅडमिंटनचा विश्वचषकच, मग सरकारने सगळ्या खेळांकडे सारख्या नजरेने पाहावे, असे त्याचे म्हणणे होते. क्रिकेटपटूंच्या सत्काराला त्याचा विरोध नव्हता. गर्दी जिथे आधीच आहे तिथेच कौतुक जाते, हे दुखणे त्याने सांगितले.

पूर्वीच्या खेळाडूंना चाहते कसे मिळत?

आधुनिक बॅडमिंटनचा एक धागा पुण्यात आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत हा खेळ इतका रुजला की त्याला ‘पूना’ असेच नाव पडले होते. पुढे महाराष्ट्राने अनेक खेळाडू दिले. क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुलींनी राष्ट्रीय पातळीवर नाव कमावले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर 1956 मध्ये परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते. मुंबईच्या अपर्णा पोपटने सलग नऊ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

या खेळाडूंचा खेळ ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला, ते लोक मोजके. बाकीच्यांनी वृत्तपत्रात वाचले, रेडिओवर ऐकले. चाहता पत्र लिहायचा, स्वाक्षरी मागायचा. त्या लोकप्रियतेला मर्यादा होती आणि तीच मर्यादा खेळाडूला आडोसाही देत होती. नाटेकरांच्या काळात भंडाऱ्यातल्या मुलाला त्यांचा एक फटका पाहायलाही मिळाला नसता. आज तुमसर किंवा पवनीतली मुलगी यामागुचीचे पाय कसे हलतात हे थांबवून, हळू करून, दहा वेळा पाहू शकते. हा लाभ खरोखर मोठा आहे आणि तो विसरता कामा नये.

कायदा काय सांगतो?

एखाद्या स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करणे, वारंवार संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. संमतीशिवाय खासगी अवयवांची छायाचित्रे काढणे वा पसरवणे, अश्लील मजकूर पाठवणे यांवर माहिती तंत्रज्ञान कायद्यात तरतुदी आहेत. ‘मी तर तिचा चाहता आहे’ हा बचाव कायद्याला मान्य नाही.

खेळाडू मुलीच्या पालकांनी काय करावे?

घाबरून मोबाइल काढून घेणे हा उपाय नाही. त्याने मुलगी त्रास झाला तरी सांगणार नाही, एवढेच साधते. काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात.

- इन्स्टाग्रामसाठी किमान वय 13 वर्षे आहे. त्याआधी खाते उघडू नये. अठरा वर्षांपर्यंत खाते खासगी ठेवावे.
- स्पर्धेचे गाव, हॉटेल, सरावाची वेळ हे तिथे असताना टाकू नये. परत आल्यावर छायाचित्रे टाकली तरी कौतुक तेवढेच होते.
- खेळाचे खाते वेगळे ठेवावे. त्यावर सामने, सराव आणि निकाल असावेत. घर, शाळेचा गणवेश, दुचाकीचा क्रमांक दिसू नये.
- ‘प्रायोजक आहोत’ म्हणून येणाऱ्या संदेशाला मुलीने एकटीने उत्तर देऊ नये. आधी पैसे मागणारा प्रायोजक नसतो.
- त्रास देणाऱ्या संदेशांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत, मगच ते खाते ब्लॉक करावे.
- तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास 1930, मुलांच्या मदतीसाठी 1098 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत.
- सामना हरल्यावर त्या रात्री प्रतिक्रिया वाचू नयेत. हे मुलीला सांगावे आणि आपणही पाळावे.

आणि चाहत्यांनी?

चाहत्यावर बंधने फार नाहीत. खेळाडूचा सामना पूर्ण पाहावा, निदान एक गेम तरी. तिच्या खेळाबद्दल बोलावे, चुकली तर ते सुद्धा म्हणावे. तिचे घर, जात आणि लग्न शोधू नये. दुसऱ्याने काढलेले तिचे खासगी छायाचित्र पुढे पाठवू नये. मैदानात आणि कोर्टवर ती सर्वांची आहे, हॉटेलच्या दारातून आत गेल्यावर ती स्वतःची आहे.

मालविकाचे नाव 2022 मध्ये एका दुपारीत देशाला कळले. चांगझोउमधल्या विजयापर्यंत पोहोचायला तिला आणखी अडीच वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्यातला बहुतेक सराव कॅमेऱ्याविना झाला. साकोली किंवा लाखनीच्या एखाद्या हॉलमध्ये आज संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलीलाही असाच, कुणी पाहत नसलेला काळ काढायचा आहे. तो काळ तिला शांतपणे मिळावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.